वळणावरचा देव

शके १६९४, नंदन नाम संवत्सर. भाद्रपद वद्य ५

आज वडिलांचे श्राद्ध झाले. पिंड मांडताना दरवर्षीप्रमाणे यंदाही हात अडखळला. श्रीधरदादाचे नाव घ्यायचे की नाही? दादा फौजेबरोबर कारकून म्हणून पानिपतावर गेला तो परत आला नाही. त्याला मेलेला पाहिलेला कोणी भेटला नाही, आणि जिवंत पाहिलेलाही नाही. दीनानाथशास्त्री म्हणाले, "बारा वर्षं भरेपर्यंत नाव घेऊ नये. पौषात भरतील. मग पळसाच्या पानांचा देह करून अग्नी द्या, म्हणजे तोही सुटला आणि तुम्हीही सुटलात." शास्त्रीबुवा हे इतक्या सहज म्हणाले, की जणू आणखी थोडा भात मागत होते. दादाचे कुटुंब मथुरावहिनी तिथेच वाढत होत्या. कपाळावर ठसठशीत कुंकू. त्यांना ऐकू गेले असणारच, पण वाढण्यात खंड पडला नाही.

दुपारी चावडीत पेठेचा कारभार पाहणाऱ्या अमिनांनी बोलावले. कात्रजच्या नळाचे पाणी आमच्या पेठेत नव्या हौदात येणार आहे. हौदापासून चावडीपर्यंतची आमची आळी रुंद आणि सरळ करायची, फरशी घालायची, दोन्ही बाजूंच्या उजाड जागांवर उदमी-दुकानदार बसवायचे, असा हुकूम आहे. काम माझ्याकडे दिले. मोगल शहर जाळून गेला त्याला नऊ वर्षे झाली, तरी आमच्या आळीत अजून अर्धी जोती उघडीच आहेत आणि त्यांवर एरंड माजले आहेत. पुन्हा माणसे येतील, दिवे लागतील. मला इतका आनंद झाला की घरी येईपर्यंत कोणाशी बोललो नाही.

भाद्रपद वद्य ९

अविधवा नवमी. दोन वर्षांपूर्वीपर्यंत वहिनींना आज तीन-चार घरची बोलावणी असायची. यंदा एकच आले. कोणी काही बोलत नाही, पण लोक सवाष्ण निवडताना जरा विचार करतात. वहिनी त्या एका घरी जाऊन जेवून आल्या आणि म्हणाल्या, "खीर बरी होती."

सकाळी भैरू बेलदाराला घेऊन दोरी धरली, रस्त्याच्या कडेची चुन्याची फक्की टाकली. आळी सगळी ठीक आहे, फक्त मध्ये ते वळण. सरुकाकूंच्या जळक्या घराचा चौथरा रस्त्यात घुसला आहे, त्याला वळसा घालून सगळ्यांना जावे लागते. घराला वारस नाही. चौथरा काढला की आमच्या ओट्यावरून थेट हौद दिसेल. मोगल आला तेव्हा लोकांच्या गाड्या याच वळणावर एकमेकींत अडकल्या आणि पांगळ्या सरुकाकूंना कोणी बाहेर काढू शकले नाही. आम्ही तोवर सिंहगडाच्या वाटेला लागलो होतो. हे वळण मला कधीच आवडले नाही.

संध्याकाळी वहिनींनी विचारले, "भावोजी, वळण जाणार?"

"जाणार म्हणजे काय, गेलंच समजा."

 त्या म्हणाल्या, "तिथूनच वळून पाहिलं होतं त्यांनी. वळणावरून गेले, वळणावरूनच येतील."

मी म्हणालो, "रस्ता सरळ झाला तर लवकर येईल दादा." मला वाटले, हसतील. कुटुंबाने माझ्याकडे असे पाहिले की मी पागोटे घेऊन बाहेर पडलो.

आश्विन शुद्ध ४

नवरात्रात भलतेच झाले. सकाळी उठून पाहतो तो सरुकाकूंच्या चौथऱ्यावर देव! एक उभा दगड, त्याला बोटभर जाड शेंदूर, पुढे दोन फुले आणि नारळ. नऊ वर्षे जिथे कुत्रे बसत नव्हते, तिथे सकाळपासून आळी लोटली आहे. मारुती की गणपती, याचा अजून निकाल लागलेला नाही. शेंदूर इतका जाड आहे की शेपूट आहे की सोंड आहे ते देवालाच ठाऊक. दुपारपर्यंत मारुतीची सरशी झाली.

हा काय प्रकार आहे हे न कळण्याइतका मी खुळा नाही. ज्यांचे ओटे फक्कीच्या आत येतात, त्यांपैकीच कोणीतरी केले आहे. माझा संशय तिघांवर आहे. शोधून काढीनच.

घरी येऊन तावातावाने सांगितले. वहिनी देवापुढची माळ ओवत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. कुटुंबाची कंबर सकाळपासून धरली आहे, ती तेल लावून पडली होती. म्हणाली, "देव कुठं बसायचं ते तुम्हांला विचारून बसत नाही."

मी म्हणालो, "नवरात्राच्या झाडलोटीत वाकू नकोस इतकी."

"बरं," ती म्हणाली.

आश्विन शुद्ध १०

दसरा. पुरण नाही! आमच्या घरात दसऱ्याला पुरण नाही असे आजवर घडलेले नाही. शिरा केला होता. विचारले तर कुटुंब म्हणाले, "पाटा गुळगुळीत झालाय, टाकी लावायला दिलाय. पुरण काय डोक्यावर वाटू?"

खाल्ला शिरा. पण चटणीही नाही हे फार झाले. वहिनींची चटणी म्हणजे आमच्या घरचे वैभव आहे. त्यांचा तो पाटा माहेरचा. लग्नात ह्याच पाट्यावर उभ्या राहिल्या होत्या; "ह्या दगडासारखी स्थिर हो" असे भटजींनी म्हटले तेव्हा मी पोरवयाचा होतो आणि दादा ओठ दाबून हसत होता. पुढे वडिलांनी तो पाटा मागून आणला. मोगलाच्या धामधुमीत दादाच्या पोथ्या मागे राहिल्या, पण वहिनींनी पाटा गाडीत घातला. मी चिडलो होतो तेव्हा. पोथ्या जळल्या, पाटा आला.

आश्विन वद्य ७

काम थांबले. हौदाकडून आणि चावडीकडून रस्ता वळणापर्यंत येऊन दोन्हींकडे अडला आहे. भैरू चौथऱ्याला हात लावायला तयार नाही.

"मालक, घर पाडा म्हनाल तर पाडतो, डोंगुर फोडा म्हनाल तर फोडतो. पन शेंदराला पहार लावायची न्हाई. माजी बी पोरंबाळं हायेत."

"अरे, तो देव परवापरवा बसवलाय कोणीतरी!"

"समदे देव कवातरी बसिवलेलंच हायेत की," भैरू म्हणाला आणि पहार खाली ठेवून तंबाखू मळू लागला.

अमिनांनी चावडीत सगळ्यांदेखत विचारले, "काय श्रीनिवासपंत, मारुतीरायांनी रजा दिली का?" सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र फार वाईट वाटले.

संध्याकाळी वहिनी देवाला तेल घालून आल्या. रोज जातात. दिवा लावतात, वळणाशी थोडा वेळ उभ्या राहतात आणि येतात. त्यांचे देवाचे वेड एकदम वाढले आहे. मी अडवीत नाही, एवढे तरी सुख असू दे.

कार्तिक शुद्ध ६

दिवाळीही चटणीवाचून गेली. मधून मधून चटणी होते, पण ती शेजारच्या पाट्यावर वाटलेली असते, हे जिभेला कळते. वरवंटा बिचारा कोपऱ्यात एकटा पडला आहे.

आज टाकीवाली सोजरबाई आळीत ओरडत आली, "पाट्याला टाकीऽऽ!" मी ओट्यावरून हाक मारली आणि सुनावले, महिना उलटला, पाटा कुठे आहे?

ती डोळे फाडून बघायला लागली. "कंचा पाटा? आवं, म्या न्हाई न्हेला. तुमच्या वैनींच्या पाट्याला म्या उन्हाळ्यात टाकी लावली, हितंच वसरीवर बसून. कोपऱ्यात मासोळी काढलीया. न्हेला असता तर मला ठावं नसतं व्हय?"

"मग कुठे गेला? पाय फुटले?"

"घरात इचारा की," ती म्हणाली.

एवढ्यात कुटुंब बाहेर आले आणि म्हणाले, "हिला नाही, दुसरीला दिलाय. चल गं सोजरे, तू जा." सोजरबाई काहीतरी पुटपुटत गेली. ती खोटे बोलते आहे असे माझे मत आहे. पाटा विकून खाल्ला असेल, आणि आमचे कुटुंब भिडेखातर तिला पाठीशी घालते आहे. बायकांना एकमेकींचा भारी पुळका.

कार्तिक वद्य ९

थेऊरहून वर्तमान आले. श्रीमंत गेले. बाईसाहेब सती गेल्या. वय काय, काळ काय! बाजार आपोआप बंद झाला, कोणी सांगावे लागले नाही. चावडीत एकही माणूस मोठ्याने बोलत नव्हता. एवढे शहर इतके गप्प मी पानिपताची खबर आली तेव्हाच पाहिले होते.

घरी चूल पेटली नाही. अंधार पडता पडता वहिनी म्हणाल्या, "बाईसाहेब नशीबवान."

कुटुंब म्हणाले, "असं काय बोलता वहिनी!"

"त्यांना निदान दिसलं तरी," वहिनी म्हणाल्या आणि तेलाची वाटी घेऊन वळणाकडे गेल्या.

कार्तिक अमावास्या

आळीच्या हौदाकडच्या टोकाला कडब्याची गंजी पेटली. पखालीचा बैल धावडवत आणला तो वळणावर समोरून येणाऱ्या गाडीला अडला. तेवढ्यात शेजारचे छप्पर गेले. माणसे वाचली, एक वासरू गेले. ते ओरडत होते, आणि बैल तिथेच पाय रोवून उभा. मला सारखी सरुकाकूंची आठवण येत होती.

आता हे वळण राहणार नाही. देव असो की देवाचा बाप.

मार्गशीर्ष शुद्ध ५

तोड निघाली. दीनानाथशास्त्र्यांना विचारले. ते म्हणाले, "प्राणप्रतिष्ठा कोणी केली? मुहूर्त कोणता? नाही ना? मग यथासांग पूजा करावी, क्षमा मागावी आणि वाहत्या पाण्यात सोडावा. देवही दुखावत नाही, सरकारही." अमीन खूष झाले. भैरूही म्हणाला, "गंगंत सोडला तर सोडला. पहार न्हाई लावायची, एवढंच."

आज विसर्जन झाले. यजमान मी. सगळी आळी जमली होती. दगड उचलून डोक्यावर घेतला तो चांगला जड निघाला. निघताना वहिनी तबक घेऊन आल्या. देवाला कुंकू लावले आणि तेच बोट आपल्या कपाळाला टेकवले. मी म्हणालो, "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. चांगल्या कामासाठी आहे." त्या म्हणाल्या, "जपून न्या, भावोजी. पाऊल घसरेल."

ओंकारेश्वराच्या घाटावर कमरेइतक्या पाण्यात गेलो. मुठेचे पाणी गार होते. दगड पाण्यात धरला तेव्हा पाठीमागची बाजू हाताला खरखरीत लागली, बारीक बारीक टवके काढल्यासारखी, आणि अंगठ्याखाली कोपऱ्यात माशाच्या आकाराचे काहीतरी कोरलेले लागले. शास्त्रीबुवांना सांगितले. ते म्हणाले, "मत्स्यावतार! फार शुभ." मग हात सोडला. थोडा शेंदूर पाण्यावर लाल पसरला आणि गेला.

रात्री जेवताना कुटुंब एकदम रडायला लागले. विचारले तर म्हणते, कंबर दुखते.

मार्गशीर्ष शुद्ध ११

चौथरा निघाला. खाली सरुकाकूंच्या चुलीचा एक वैल सापडला, काळा पडलेला. भैरूने तो बाजूला ठेवून नमस्कार केला. फरशी बसते आहे. चावडीच्या दाराशी उभे राहिले की हौदाची कड दिसते. इतके सुरेख दिसते की मी तीनदा जाऊन पाहून आलो. एक तांबट आणि एक अत्तरवाला गंधी जागा पाहून गेले. आळीत पुन्हा ठोक्यांचा आवाज येईल.

मार्गशीर्ष वद्य ८

वहिनी आता वळणापाशी जात नाहीत, कारण वळणच नाही. दिवा ओट्याच्या देवळीत लावतात आणि दाराशी बसून रस्त्याकडे पाहतात. आज मी जवळ जाऊन बसलो. म्हटले, "बघा वहिनी, किती लांबपर्यंत दिसतं."

"हो," त्या म्हणाल्या. "पूर्वी वळणापर्यंतच दिसायचं. पलीकडे असतील असं वाटायचं. चपलांचा आवाज आला की वाटायचं, आता वळतील." थोडे थांबून म्हणाल्या, "आता पार हौदापर्यंत दिसतं. कोणी येत नाही, तेही लांबूनच दिसतं."

 त्यांनी पदराने देवळीतला दिवा शांत केला आणि म्हणाल्या, "शास्त्रीबुवांना सांगा, भावोजी. पौषात करून टाकू."

गेली दोन वर्षे हे त्यांच्यापाशी कसे बोलावे याची मला धास्ती होती. त्यांनी आपणहून सांगितले, म्हणून मोकळे वाटायला हवे होते. वाटले नाही.

पौष शुद्ध ८

आज पानिपताची तीच तिथी. त्याच घाटावर, त्याच पाण्याजवळ. शास्त्रीबुवांनी दर्भावर पळसाची पाने बांधून देह केला. डोक्याच्या जागी नारळ. दादा उंच होता, म्हणून मी म्हणालो, अजून थोडी पाने घ्या. शास्त्रीबुवा म्हणाले, "उंचीचा प्रश्न नाही." तरी मी घ्यायला लावली. अग्नी मी दिला. ओली पाने होती, धूर फार झाला. सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी येत होते, त्यामुळे माझे कोणाला वेगळे दिसले नाही.

घरी काय झाले ते लिहिणार नाही. बांगड्यांचा आवाज बाहेर ओट्यावर आला. न्हावी परसातून आला आणि परसातून गेला.

पौष वद्य २

रस्ता पुरा झाल्याबद्दल चावडीत शेला मिळाला. अमीन म्हणाले, "पंतांनी देवालासुद्धा सरळ केलं." सगळे हसले. शेला घरी आणून ठेवला आहे. कोणी उघडून पाहिला नाही.

माघ शुद्ध ३

आज मनात आले, घरात पाटा नाही तो आपणच आणावा. वहिनी लाल आलवणात माजघरात बसलेल्या असतात, हात रिकामे. त्यांना काहीतरी काम हवे. नव्या रस्त्यावर तांबटाच्या शेजारी सोजरबाईने पाटे मांडले होते. मागचे बोलणे आठवून मी जरा शरमलो होतो, पण तिने मनात ठेवले नाही. चांगला काळा पाटा काढून दिला आणि छिन्नी घेऊन बसली.

"कोपऱ्यात काय काढू? सूर्व्या का कमळ? तुमच्या वैनींना मासोळीच लागती. पहिल्या पाट्यावर ह्याच कोपऱ्यात व्हती."

तिने कोपऱ्यावर अंगठा ठेवून दाखवला.

मी तिथेच खाली बसलो. गार पाणी, हाताला लागलेले बारीक टवके, अंगठ्याखालचा मासा. पाटा टाकीला दिला त्या दिवसापासून, नाही, त्याच्याही आधीपासून सगळे एकामागून एक पुढे आले. कुटुंबाची कंबर. कोपऱ्यातला वरवंटा. "जपून न्या, भावोजी." त्या दोघींनी तो अंधारात उचलून वळणावर नेला असेल, आणि मी वाजतगाजत डोक्यावरून नेऊन बुडवला. त्यावर उभी राहून जी बाई आमच्या घरात आली, तिच्या हातून त्याला कुंकू लावून घेतले. वर तिलाच सांगितले, चांगल्या कामासाठी आहे.

सोजरबाई म्हणाली, "काय झालं ओ? उन लागलं का?"

"मासोळीच काढ," मी म्हणालो.

घरी येऊन पाटा माजघरात वहिनींपुढे ठेवला. त्यांनी कोपऱ्यावर बोट फिरवले.  म्हणालो, "वहिनी, मला ठाऊक नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

"ठाऊक असतं तर काय केलं असतंत, भावोजी?"

मी विचार केला. खरेच केला. सरुकाकू आठवल्या, तो अडलेला बैल आठवला, वासराचे ओरडणे आठवले. वळण काढायलाच हवे होते. पण तो दगड मी डोक्यावर घेतला असता का? तसाच परत घरी आणून ठेवला असता, निदान तेवढे तरी? दादाची वाट पाहणे मीच कधी सोडून दिले, हेही मला आठवेना.  वहिनींनी थोडा वेळ वाट पाहिली, जशी त्या पाहत आल्या आहेत, आणि मग कुटुंबाला म्हणाल्या, "मिरच्या आहेत का गं घरात?"

संध्याकाळी पानात चटणी होती. नवा पाटा, तरी चव तीच, अगदी तीच. पहिला घास घेतला आणि मला रडू आले. मुलांदेखत, पानावर बसून. कुटुंबाने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला आणि मुलांना म्हणाले, "फार तिखट झालीय वाटतं."

स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाल्या, "दह्यात कालवून घ्या, भावोजी."

मी दह्यात कालवून घेतली.